चटका मला, आणि चिरंजीवांनाही!

प्रश्न: थंडीत आमच्याकडे अकोल्यात सकाळी हवा एकदम कोरडी असते. ॲक्रिलिकचा स्वेटर डोक्यातून काढला की चटचट आवाज येतो आणि लगेच धाकट्याच्या गालाला हात लावला की दोघांनाही चटका. गंमत म्हणजे आधी त्याला शिवून मग लोखंडी कपाटाला हात लावला तर झटका जरा कमी बसतो. त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे की स्पर्शाने दुसऱ्या वस्तूवर त्याच जातीचा प्रभार येतो. मग सजातीय प्रभार एकमेकांना ढकलतात ना, आम्ही दोघं का नाही ढकलले जात?
– एक वाचक आई

उत्तर: ताई, कपाटाची जी गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत ना, उत्तर नेमकं तिथेच आहे!

स्पर्शाने नवीन चार्ज (म्हणजे प्रभारच) तयार होत नाही हो, असलेल्याची वाटणी होते फक्त. स्वेटर अंगावर घासला तेव्हा इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे गेले, स्वेटरवर एका जातीचा प्रभार, तुमच्या अंगावर दुसऱ्या. पायात रबरी चप्पल असेल तर तो जमिनीत उतरणार कुठून, बसला अंगावरच अडकून. आता माणसाचं अंग बऱ्यापैकी वाहक आहे, त्यामुळे लेकाला हात लावला की दोघं मिळून एकच वाहक झालात आणि दोघांचं व्होल्टेज सारखं होईपर्यंत चार्ज सरकला. तुम्ही आकाराने मोठ्या म्हणून जास्त हिस्सा तुमच्याकडेच राहिला, त्याला कमी मिळाला. म्हणजे कपाटापाशी पोचलात तेव्हा अंगावरचा माल आधीच कमी झालेला, झटका कमी बसणारच की. आणि चटका दोघांना का, तर ठिणगी तुमच्या बोटातून निघून त्याच्या गालात शिरते, मधल्या वाटेवर दोघंही आहात.

हीच वाटणी कूलॉम नावाच्या फ्रेंच माणसाने १७८५ साली फार हुशारीने वापरली. त्या काळी चार्ज मोजायचं काही साधनच नव्हतं, मग पठ्ठ्याने काय केलं, चार्ज असलेला एक गोळा तसल्याच, तेवढ्याच आकाराच्या रिकाम्या गोळ्याला टेकवला, झाला निम्मा! पुन्हा तसल्याच रिकाम्या गोळ्याला टेकवला, पाव. मोजता येत नाही तर अर्धं-अर्धं करत जा, मला तर त्याच्या नियमापेक्षा (प्रभार एकमेकांना किती जोराने ढकलतात-ओढतात, तो नियम) ही युक्तीच जास्त आवडते.

एक गोष्ट मात्र मुलांना नीट सांगायला हवी, पुस्तकं इथे घाईत पुढे जातात. धन प्रभार असलेली पट्टी धातूच्या गोळ्याला टेकवली की गोळाही धन होतो, पण पट्टीवरून 'धन' काही उडी मारून तिकडे गेलेलं नसतं, प्रोटॉन आपल्या जागचे हलत नाहीत, गोळ्यातलेच इलेक्ट्रॉन पट्टीकडे जातात आणि गोळ्यात त्यांची तूट पडते. शिवाय पट्टी प्लास्टिकची असेल तर नुसती टेकवून भागत नाही, जिथे टेकली तेवढ्याच जागेचा चार्ज जातो, म्हणून ती गोळ्यावर घासत फिरवायची.

आता ढकलण्याचं. ढकलता की, कळत नाही एवढंच! समजा तुमच्या अंगावर १०,००० व्होल्ट चढले (दचकू नका, स्वेटर काढताना एवढे सहज होतात, साधारण ३,००० व्होल्टच्या खाली तर चटका जाणवतच नाही), तरी एकूण चार्ज भरतो एक मायक्रोकूलॉमच्या (कूलॉम हे चार्ज मोजायचं एकक, त्याचा दहा लाखावा भाग) आसपास, म्हणजे ६ लाख कोटी इलेक्ट्रॉन. ऐकायला अबब, पण दोघांत वाटून तुम्ही एक मीटरवर उभ्या राहिलात तर ढकलायचा जोर पाव ग्रॅम वजनाएवढाही नाही, पोरगं कशाला हलतंय त्याने. हलकी वस्तू घ्या मग बघा, कोरड्या केसांवर घासलेला कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे टुणकन येऊन चिकटतात आणि त्यातले एकदोन जरा वेळाने अचानक उडून जातात, कारण टेकल्या टेकल्या त्यांनाही कंगव्याचाच चार्ज मिळालेला असतो. दमट हवेत हे करून पाहू नका, मुंबईत पावसाळ्यात करायला बसलात तर माझ्या नावाने बोटं मोडाल.

आणि चटका टाळायचा तर हातात किल्ली घट्ट धरून ती आधी कपाटाला टेकवा, ठिणगी किल्लीच्या टोकावर पडते, बोटाला काही कळत नाही. मग खुशाल घ्या गालगुच्चा.

प्रश्न: पेट्रोल पंपावर टँकर खाली करायच्या आधी त्याला वायरची क्लिप लावतात ती कशाला?
– एक रिक्षावाले वाचक

उत्तर: वाटणीच, फक्त भागीदार पृथ्वी. पाइपातून वाहताना इंधन पाइपाला घासून चार्ज होतं, खाली टँकरचे टायर रबराचे. क्लिप लावली की टँकर जमिनीला जोडला जातो, आणि पृथ्वी एवढी अवाढव्य की टँकरच्या वाट्याला जवळपास शून्यच उरतं. आणि क्लिप आधीच लावायची, झाकण उघडून वाफा बाहेर यायला लागल्यावर नाही, कारण ठिणगी पडलीच तर ती नेमकी जोडायच्या क्षणी पडते.