उभ्या गाडीत टेंपरेचरचा काटा चढतो? आधी फॅन बघा
चालत्या गाडीत काटा जागेवर आणि सिग्नलला थांबलं की वर, तर थर्मोस्टॅट (कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलायची घाई नको. वेगात वारा आयता मिळतो, उभ्या गाडीत तो फॅनलाच ओढावा लागतो. एसी लावा. रेडिएटरचा फॅन फिरला तर मोटर चालू आहे. मग टेंपरेचर स्विच (इंजिन तापलं की फॅन चालू करणारा) आणि त्याची वायर तपासा. नाही फिरला तर फ्यूज, रिले (फॅनला करंट जोडणारा स्विच) पाहा, मग सॉकेट काढून मोटरला बॅटरीचे 12 व्होल्ट थेट द्या. फॅन दमल्यासारखा फिरतोय? बहुतेक मोटरमधले कार्बन (करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत. हे हमखास नजरेतून सुटतं. फॅन धडधाकट असेल तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत टॉर्च मारा. तिथे धुळीची गादी बसते. कूलंट मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच बघा, नाहीतर झाकणाखालून उकळता फवारा तोंडावर येईल.