पावणेचार वर्षांच्या मुलाचं वेळापत्रक

गुहागरकडच्या एका आईने मला मोबाईलवर वेळापत्रकाचा फोटो दाखवला. तिला आपण मेघना म्हणू आणि मुलाला ओम. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नऊ ते साडेनऊ मुळाक्षरं, साडेनऊ ते दहा अंक, मग इंग्रजी, मग 'अ‍ॅक्टिव्हिटी', दुपारी रंगकाम, संध्याकाळी उजळणी. प्रत्येक विषयाला वेगळ्या रंगाचा स्केचपेन. ओमचं वय पावणेचार.

"मॅडम, हा पाच मिनिटं एका जागी बसत नाही. पाटी काढली की आजीच्या मागे जाऊन लपतो. माझं डी.एड. झालंय, आणि मला माझ्याच पोराला शिकवता येईना."

तालुक्याच्या शाळेची गाडी सकाळी सातला येते, म्हणून यंदा त्याला घरीच ठेवायचं ठरलं होतं. नवरा मुंबईला नोकरीला. डोंबिवलीची जाऊ दर दोन दिवसांनी तिच्या मुलाचे इंग्रजी कविता म्हणतानाचे व्हिडिओ पाठवते. सासूबाई म्हणतात, "शिकेल गो, घाई कसली!" आणि त्यामुळे मेघनाचा जीव आणखीच टांगणीला लागतो. 'घरी राहिला तर मागे पडेल का, आणि घरी शिकवायचं तर दिवसभर काय करू?' हा प्रश्न मला शाळाप्रवेशाच्या दिवसांत इतक्या जणी विचारतात की वेगवेगळ्या घरांतून एकच आई येते की काय असं वाटावं.

आम्ही बोलत होतो तोवर ओमने माझ्या टेबलावरच्या क्लिपा डब्यातून ओतल्या आणि रंगांप्रमाणे रांगेत लावल्या. पिवळ्यांच्या रांगेत एक कमी पडली तेव्हा तो टेबलाखाली शिरला आणि शोधून घेऊनच बाहेर आला. मेघना त्याला "हात लावू नको" म्हणत होती. पाच मिनिटं न बसणारं पोर ते हेच.

तरी आधी काही गोष्टी विचारून घेतल्या. चार-पाच शब्दांची वाक्यं बोलतो का, परक्या माणसाला त्याचं बोलणं कळतं का, खोटी खोटी भातुकली किंवा गाडी-गाडी खेळतो का, मागून हाक मारली की वळतो का, पूर्वी येत असलेलं काही आता येईनासं झालंय का. यात कुठे खोट दिसली असती तर वेळापत्रक बाजूला ठेवून मी तिला कान तपासायला आणि बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. ओमचं सगळं ठीक होतं.

मग तिला एवढंच सांगितलं की आठवडाभर काही शिकवू नका. तो काय करतो ते नुसतं लिहून आणा.

तिने वही आणली. मंगळवारच्या पानावर होतं (यातली 'आई' म्हणजे सासूबाई) : 'आई झावळीचे हीर काढत होत्या. याने लहान हीर, मोठा हीर करत ओटीवर रांग लावली. एक मधेच बसेना तर मोडून बसवला. बराच वेळ. मी दहाला अंकांसाठी हाक मारली, रडला.'

ते पान तिला मी मोठ्याने वाचायला लावलं. लांबीप्रमाणे क्रम लावणं हे गणितच आहे, आणि ते थांबवून आपण त्याला एक ते वीस म्हणायला बोलावत होतो. डी.एड.ला हे शिकवलेलं असतं. स्वतःच्या पोरापुढे विसरायला होतं, त्यात नवल नाही.

पेन्सिलीबद्दल मी जरा कडक आहे. मनगटाची आठही हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि एकेक करून घट्ट होतात. चौथ्या वर्षी ते काम अर्धवटच असतं. आधी खांदा आणि हात मोकळा फिरायला हवा, बोटांची पाळी नंतर. म्हणून अक्षरांचा अर्धा तास काढून टाकला आणि समुद्र घेतला. ओहोटीच्या ओल्या वाळूत काठीने गोल, रेघ, नागमोडी, हवं तेवढं मोठं. पण ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे 'संध्याकाळी पाच ते साडेपाच वाळू' असं लिहिता येत नाही. मेघनाला हे आधी पटेना. मग तीच म्हणाली, "म्हणजे वेळ नको, क्रम पाहिजे."

तसाच दिवस आखला. उठणं, न्याहारी, आजीबरोबर अंगण. मग आईची पंधरा मिनिटं, फोन आत ठेवून. त्यात रोज एकच गोष्ट : परातीतल्या रांगोळीत बोटाने काढणं, चमच्याने तांदूळ एका वाटीतून दुसरीत, चित्रांचं पुस्तक बघत गप्पा. कंटाळला की बंद. जेवण, गोष्ट, झोप. मग धावपळ आणि समुद्र. पाण्याच्या कडेला मोठं माणूस हाताच्या अंतरावर. पावसात पडवी. या वयाला दिवसभरात तीन तास हालचाल आणि पडद्यासमोर जास्तीत जास्त एक तास, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. मोजायला बिया घेणार असाल तर गुंजा नकोत, त्या विषारी. आणि शेंगदाणे-चणे समोर बसूनच, घशात अडकतात.

वाडीतल्या अंगणवाडीचं नाव काढलं तर मेघनाने नाक मुरडलं. "तिथे काय, खिचडी." तिला म्हटलं, आपल्याच कोकणच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेही पानं, बिया, शिंपले असं हाताशी असेल ते घेऊन. घरी ओमला सगळं मिळेल, पण घसरगुंडीपुढे आपली पाळी येईपर्यंत थांबणं एकट्या मुलाला कोण शिकवणार? आता तो सकाळचे दोन-तीन तास जातो.

मागे पडण्याचं म्हणाल, तर 2020 च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा आहे आणि पहिलीचं वय सहा. ओमच्या हातात अजून दोन वर्षं आहेत.

मध्यंतरी मेघनाचा फोन आला. पोराला पेन्सिल हवी होती, स्वतःहून, आजीच्या वाणसामानाच्या यादीखाली काहीतरी लिहायला. द्या म्हटलं. बोटभर लांबीचा जाड खडू मिळाला तर आधी तो द्या, पकड आपोआप बरी बसते. आणि यादीत त्याने काय लिहिलंय ते त्यालाच वाचायला सांगा. "बिस्किट," ती म्हणाली, "तीनदा."