दुर्बिणीतून राखाडी, फोटोत गुलाबी, स्टॅक केल्यावर हिरवा: मृगातल्या तेजोमेघाचा खरा रंग कोणता, आणि आपल्या कॅमेऱ्यात रंग अन् डिटेल कसे आणायचे?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शाळेच्या सहा इंची दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ, म्हणजे एम ४२, राखाडी दिसला. नेटवरच्या फोटोंत तो गुलाबी आहे आणि हबलचे फोटो सोनेरी-निळे. तुम्ही वावरात २४ मेगापिक्सेलच्या डीएसएलआरने ५० एमएम लेन्स लावून ट्रायपॉडवर शंभरेक फोटो काढले, सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केले, म्हणजे एकावर एक जुळवून एकत्र केले, तर सगळं हिरवं. सॅच्युरेशन वाढवलं तर रंगीत रवा सांडल्यासारखं झालं. यात खरं कोणतं आणि चुकलं काय?

हिरव्याची काळजी सोडा, तो बिघाड नाही. जेपीईजी बनवताना कॅमेरा स्वतः व्हाइट बॅलन्स लावतो, स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर सहसा तो न लावता कच्चे आकडे घेतं. सेन्सर आणि त्यावरचा हिरवा फिल्टर मिळून हिरव्याची नोंद सगळ्यात जास्त होते, म्हणून कच्ची प्रतिमा हिरवट निघते. ‘दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे असतात म्हणून हिरवं येतं’ हे कारण बरेच जण सांगतात, पण ते बरोबर नाही. त्या दोघांची बेरीज होत नाही, डीबेअर करताना, म्हणजे एकरंगी पिक्सेलांपासून पूर्ण रंगीत फोटो बनवताना, हिरव्याची एकच किंमत निघते.

राखाडी दिसणं ही डोळ्याची मर्यादा. मंद उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी गप्प बसतात आणि दंडपेशी काम करतात. त्यांना अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि रंग त्यांना कळत नाही. दंडपेशी ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडाला, म्हणजे निळसर हिरव्याला, सगळ्यात तीक्ष्ण असतात. तेजोमेघातला ऑक्सिजन नेमका ४९५.९ आणि ५००.७ ला चमकतो, म्हणून एम ४२ चा गाभा काहींना किंचित हिरवट भासतो. हायड्रोजनचा मुख्य उजेड, ज्याला हायड्रोजन अल्फा म्हणतात, तो ६५६.३ ला, गडद लाल. तिथे दंडपेशी जवळपास आंधळ्या. मोठी दुर्बीण आणूनही फरक मर्यादितच पडतो, कारण पसरलेली वस्तू दुर्बिणीतून मोठी दिसते, पण तिच्या पृष्ठभागाची उजळी नुसत्या डोळ्याला दिसते त्याहून वाढत नाही. फोटोतला गुलाबी मात्र बनावट नाही. लाल अल्फा, ४८६.१ चा निळा हायड्रोजन बीटा आणि ऑक्सिजन यांची ती सरमिसळ आहे. रंग उजेडात असतोच, आपल्या डोळ्याला तो पुरत नाही.

हबल या अवकाश दुर्बिणीचं प्रकरण वेगळं. १ एप्रिल १९९५ ला गरुड तेजोमेघातल्या, म्हणजे एम १६ मधल्या, धुळीच्या खांबांचे फोटो घेतले गेले. त्यात गंधकाच्या ६७३ नॅनोमीटरच्या उजेडाला लाल, हायड्रोजन अल्फाला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही डोळ्याला लालच. दोन्ही लाल ठेवले असते तर कुठे कोणता वायू आहे हे फोटोत कळलंच नसतं. नकाशात यवतमाळ हिरवा आणि अमरावती पिवळा छापला म्हणून नकाशाला कोणी खोटा म्हणत नाही, तसंच हे. जेम्स वेब तर बहुतांश अवरक्तात पाहते. तिथे सहसा लहान तरंगलांबीला निळा आणि मोठीला लाल देतात. फिल्टर कोणते आणि त्यांना रंग कोणते दिले हे खाली लिहिलेलं असेल तर फोटो प्रामाणिक आहे, असं मी मानतो. मात्र साध्या कॅमेऱ्याच्या फोटोला स्लायडर ओढून हबलसारखा सोनेरी करणं म्हणजे न मोजलेलं दाखवणं. ते करू नका.

आता तुमचा कॅमेरा. साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढे अवरक्त अडवणारा फिल्टर असतो आणि तो हायड्रोजन अल्फाचाही साधारण तीन चतुर्थांश उजेड खातो. म्हणून मृगाच्या पट्ट्याजवळचा घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ तुम्हाला छळेल. एम ४२, कृत्तिकांभोवतीची निळी धूळ, देवयानी दीर्घिका आणि तारकागुच्छ यांना तो फिल्टर फारसा आड येत नाही. नव्याने शिकताना फिल्टर काढून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

रंग बिघडला की नाही हे तपासायला ताऱ्यांकडे बघा. मृगातला काक्षी (बेटेलज्यूज) साडेतीन हजार केल्विनच्या आसपास, म्हणजे नारिंगी. राजन्य (रायजेल) सुमारे १२ हजार, म्हणजे निळसर पांढरा. ५० एमएमच्या चौकटीत दोघं एकदम बसतात. डोळ्याला हिरवा दिसावा असा तारा नसतो. त्यामुळे फोटोत हिरवे तारे दिसले तर रंगाचा मेळ चुकला, आणि आकाश जांभळट झालं तर हिरवा जास्त काढला गेला. सगळेच तारे पांढरे फटक असतील तर एक्स्पोजर जास्त झालं. एकदा पिक्सेल भरून वाहिला की त्यातला रंग गेला, तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

तुमच्या फोटोतला रवा मात्र कमी उजेडाचा परिणाम आहे. स्थिर ट्रायपॉडवर, ५० एमएमला, तुमच्या सेन्सरचा पिक्सेल ३.७ मायक्रॉन धरला तर एका पिक्सेलमध्ये साधारण १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मावतात. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतो, आणि मृग तिथेच आहे. म्हणजे दर सेकंदाला एक पिक्सेल. तीन-चार सेकंदांच्या पुढे गेलात की तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबतो. चार सेकंदांचे १०० फोटो म्हणजे सात मिनिटांहून कमी उजेड. गोंगाट, म्हणजे हा रवा, निम्मा करायला उजेड चौपट लागतो, त्यामुळे ६०० फोटो, म्हणजे ४० मिनिटं, ही मी किमान पायरी धरतो. पण २४ मेगापिक्सेलचा एक फोटो डीबेअर होऊन १६ बिटमध्ये साधारण १४४ एमबीचा होतो. असे ६०० म्हणजे ८६ जीबी, आणि जुळवलेल्या प्रती तेवढ्याच वेगळ्या. डिस्क भरून सिरिल अर्ध्यात थांबतं ते यामुळे. दीडशेच्या चार टोळ्या करा आणि शेवटी चार निकाल एकत्र करा.

त्यापेक्षा गावातल्या सुताराकडून ‘बार्न डोअर’, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं फळ्यांचं साधन, करून घ्या. खर्च फळ्या, बिजागरी आणि आट्यांच्या रॉडचा. दोन फळ्या एका बिजागरीने जोडायच्या. बिजागरीच्या पिनपासून बरोबर २२८.५ मिलिमीटरवर एम ६ चा रॉड, ज्याचे आटे १ मिलिमीटरचे असतात, खालच्या फळीतल्या नटमधून वर न्यायचा. तो मिनिटाला एक फेरा फिरवला की कॅमेरा बसवलेली वरची फळी आकाशाच्या वेगाने उघडते. हाताने फिरवायचा तर घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर, न थांबता, सावकाश फिरवा. बिजागरीची पिन ध्रुवाकडे रोखायची. विदर्भात ध्रुव क्षितिजापासून १९ ते २२ अंशांवर असतो, म्हणजे तुरीच्या शेंड्यांआड जाण्याइतका खाली. जागा निवडताना उत्तर मोकळी हवी. ध्रुवाकडे तोंड केल्यावर बिजागरी डाव्या हाताला आली पाहिजे, नाहीतर फळी उलटी फिरते आणि तारे दुप्पट लांबतात. बिजागरी ढिली असेल तर सगळी मेहनत वाया, म्हणून दुकानात हलवून बघूनच घ्या. रॉड सरळ असल्याने वेग हळूहळू चुकत जातो, दर १०-१५ मिनिटांनी फळी मिटवून पुन्हा सुरुवात करा. यावर एफ २.८, आयएसओ ८०० आणि ६० सेकंदांचे ६० फोटो मिळाले की रंग आपोआप उचलून येतो. एम ४२ चा गाभा जळू नये म्हणून ५ सेकंदांचे २० फोटो वेगळे घ्या.

लेन्स एफ १.८ ला पूर्ण उघडी ठेवू नका, कोपऱ्यातले तारे पाखरासारखे पसरतात. फोकस लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने करा आणि रिंगला चिकटपट्टी लावा. ताऱ्याभोवती जांभळी कड दिसते ती बऱ्याचदा फोकस किंचित सरकल्याची खूण असते. पारा उतरतो तसा फोकसही सरकतो, तासाभराने पुन्हा बघा. कॅमेऱ्यातलं ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद ठेवा, ते अर्धी रात्र खातं. दर दहा फोटोंनी चौकट थोडी हलवा, आणि दरवेळी वेगळ्या दिशेला. एकाच दिशेला सरकत गेली तर सेन्सरचे डाग तिरप्या रेघा होऊन उमटतात.

डिसेंबर-जानेवारीत ओलिताच्या गव्हा-हरभऱ्याशेजारी दव सगळ्यात मोठा शत्रू. लेन्सवर ओल धरली की ताऱ्यांभोवती वलयं येतात आणि रंग फिका पडतो. बहुतेकांना हे घरी गेल्यावर कळतं. ४७ ओहमचे, १ वॅटचे १० रेझिस्टर समांतर जोडून पट्टी करा. ५ व्होल्टच्या पॉवर बँकेवर ती साधारण १.१ अँपिअर ओढते आणि पाच वॅट उष्णता देते, तेवढी लेन्सला पुरते. जोडण्या झाकून घ्या. धुऱ्यावर रानडुकरांसाठी झटका मशीनची तार असेल तर आधी बंद करायला सांगा, अंधारात धातूचा ट्रायपॉड तिला टेकवण्यात शहाणपण नाही. रात्रीची लाइन असेल त्या आठवड्यात विहिरीवरचे बल्ब पहाटेपर्यंत जळतात. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यामुळे जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांसारखा तो फिल्टरने वेगळा काढता येत नाही. शेजाऱ्याशी बोलून ठेवणं हाच त्यावर उपाय. पऱ्हाटी जाळायचे दिवसही टाळा. धूर निळा उजेड आधी खातो आणि मग निळ्यातच रवा उरतो. अवसेच्या मागेपुढे पाच दिवस धरा.

वावरातून निघण्याआधी लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच आयएसओचे २० डार्क, म्हणजे सेन्सरचा स्वतःचा गोंगाट वजा करायचे काळे फोटो, घ्या. संध्याकाळी घेतलेले डार्क पहाटेच्या थंडीला लागू पडत नाहीत, कारण सेन्सरचा उष्णतेचा गोंगाट साधारण दर सहा अंशांना दुप्पट होतो. याच हिशेबाने मे महिन्याच्या रात्री तुमच्या कॅमेऱ्याला झेपणाऱ्या नाहीत. मग फोकसला हात न लावता लेन्सवर पांढरं सुती कापड ताणून उजाडत्या आकाशाकडे २५ फ्लॅट, म्हणजे चौकटीतली असमान उजळी दुरुस्त करायचे एकसारखे उजळ फोटो, घ्या, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मध्यावर ठेवून. मग कॅमेऱ्याच्या सगळ्यात कमी वेळाच्या शटरचे, झाकण लावलेले २५ बायस, म्हणजे सेन्सरची मूळ पातळी सांगणारे फोटो. फ्लॅट नसतील तर चौकटीच्या कडा काळवंडतात, आणि तो काळोख उपसायला गेलं की भलतेच रंग वर येतात.

सिरिलमध्ये क्रम मोडू नका. स्टॅक झाल्यावर कडा कापा, मग पार्श्वभूमीचा उतार, म्हणजे आकाशाच्या उजळीतला एका बाजूचा चढ, काढा. हे करताना नमुन्याचे ठिपके तेजोमेघावर पडले असतील तर हाताने पुसा, नाहीतर त्यातली मंद झालरच वजा होते. मग ताऱ्यांच्या कॅटलॉगवरून रंग जुळवा. कॅटलॉग नेटवरून येतो, घरात रेंज नसेल तर लॅपटॉप घेऊन गच्चीवर जा. हिरवा काढायचं साधन हलक्या हाताने वापरा, गाभ्यातला ऑक्सिजनचा हिरवट-निळा खरा आहे. यानंतरच स्ट्रेच, म्हणजे अंधारातला तपशील ताणून उजळ करणं, आणि तोही आधी ‘असिंह’ (asinh) पद्धतीने. साध्या कर्व्हमध्ये लाल, हिरवा, निळा वेगवेगळे ताणले जाऊन उजळ भाग पांढरा पडतो. असिंहमध्ये तिघांचं प्रमाण टिकतं. आकाश काळंकुट्ट करू नका, २५५ पैकी २० ते २५ वर सोडा. सॅच्युरेशन शेवटी, चिमूटभर.

डिटेल वाढवताना बहुतेक जण जास्त धार देऊन फसतात. ताऱ्याभोवती काळं कडं दिसलं किंवा धुळीत गांडुळासारख्या वळ्या आल्या तर थांबा. एआयची गोंगाट-सफाई वापरलीत तर तिने काही रचलं का ते तपासा: सम क्रमांकाचे आणि विषम क्रमांकाचे फोटो वेगळे स्टॅक करा, दोघांवर तेच संस्कार करा आणि शेजारी ठेवा. जी रेघ दोन्हींत आहे ती आकाशातली. एकाच बाजूला दिसली तर ती कितीही देखणी असो, पुसून टाका.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, पण त्यासाठी तिकडे जायलाच हवं असं नाही. तिथूनही दक्षिणेला नागपूरचा उजेड आहेच. तुमचं वावर तालुक्याच्या गावापासून १५-२० किलोमीटरवर असेल तर येत्या अवसेला देवयानीपासून सुरुवात करा. ती डोक्यावरून, जवळपास ७० अंशांवरून जाते, तिथे धूळ-धूर सगळ्यात कमी. गाभा पिवळसर, कारण तिथे म्हातारे तारे, आणि बाहेरचे हात निळसर. ५० एमएमला ती बोटाच्या पेराएवढी येईल. हा पिवळ्या-निळ्याचा फरक कच्च्या स्टॅकमध्ये, रंग जुळवल्यावर आणि सॅच्युरेशनला हात लावण्याआधी दिसला, तर उजेड पुरेसा जमला. नाही दिसला तर दुसऱ्या रात्रीचे फोटो त्यातच मिळवा.