सापाच्या विषातील एन्झाइमवर संशोधन करू का?

प्रिय विद्यार्थिनीस,

सापाच्या विषातील एल-अमिनो आम्ल ऑक्सिडेज कर्करोगाच्या पेशी मारते, हे वाचून त्यावरच संशोधन करायचे तू ठरवलेस आणि 'एका एन्झाइमवर आयुष्य काढून पुढे काय?' असे वडील विचारतात, असे तू लिहितेस. वडिलांचा प्रश्न रास्त आहे. विषय मात्र त्यांना वाटतो तितका अरुंद नाही.

हे एन्झाइम अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण करून कीटो आम्ल, अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. त्यातील एफएडी या सहघटकामुळेच (एन्झाइमला काम करायला लागणाऱ्या छोट्या रेणूमुळेच) अनेक सापांचे विष पिवळे दिसते. पेशी आणि जिवाणू मरतात ते मुख्यतः या पेरॉक्साइडमुळे. म्हणूनच प्रयोगात पेरॉक्साइडचे विघटन करणारे कॅटलेज हे एन्झाइम घातले, की त्या पेशी बऱ्याच अंशी वाचतात. पण पेरॉक्साइड निरोगी पेशींनाही सोडत नाही, त्यामुळे काचपात्रात पेशी मेल्या एवढ्यावरून औषध सापडले असे म्हणता येत नाही. तू वाचलेल्या लेखात हे आले नसेल, तर ती मोठी उणीव आहे.

याच कुळातील डी-अमिनो आम्ल ऑक्सिडेजचे वर्णन जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्स यांनी १९३५ मध्ये केले. ते मेंदूतील डी-सेरीन या अमिनो आम्लाचे विघटन करते, म्हणून त्याला रोखणाऱ्या रेणूंचा अभ्यास स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात होतो. सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकांच्या उत्पादनातही ते वापरले जाते. म्हणजे औषधनिर्मिती, मेंदूविज्ञान आणि उद्योग या तिन्ही वाटा तुला मोकळ्या राहतात, असे वडिलांना सांग.

मात्र सुरुवात विषापासून करू नकोस. पदवीच्या प्रकल्पासाठी ग्लुकोज ऑक्सिडेज घे. तेही एफएडीवर चालते आणि पेरॉक्साइडच तयार करते. सोबत पेरॉक्साइड वापरून रंग आणणारे पेरॉक्सिडेज हे एन्झाइम आणि रंगहीन रंजकद्रव्य घातले, की क्युव्हेटमधील (मोजमापाच्या छोट्या पारदर्शक पात्रातील) द्रावण हळूहळू रंग धरते. दर तीस सेकंदांनी शोषणांक (द्रावण किती प्रकाश शोषते याचे माप) नोंदवून त्यावरून अभिक्रियेचा वेग काढायला शीक, आणि एन्झाइम न घातलेली नळी दरवेळी शेजारी ठेव. पदव्युत्तर शिक्षणासाठी जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान यांपैकी काहीही निवड. प्रथिनांचे शुद्धीकरण, एन्झाइमची गतिकी आणि पेशीसंवर्धन स्वतःच्या हाताने करायला मिळेल अशीच प्रयोगशाळा पाहा, आणि प्रवेशापूर्वी तिथल्या विद्यार्थ्यांना भेटून याची खात्री करून घे.

तुझा,
मार्गदर्शक