ट्रंकेतला पितळी बिल्ला

प्रश्न: आजोबा मराठा पलटणीत होते. त्यांच्या ट्रंकेत जुन्या रुपयाएवढी पितळी चकती सापडली. वर भोक, इंग्रजीत ‘बाथ्स’ आणि ‘सेकंड क्लास’. राजाचं तोंड नाही, साल नाही. एक जण जुनं नाणं म्हणून मागतोय. देऊ का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: घाई करू नका, आणि नाणं म्हणून तर मुळीच देऊ नका. हा बिल्ला आहे. पूर्वी गिरणीत दळण ठेवलं की पत्र्याचा नंबर मिळायचा बघा, त्याचाच हा विलायती भाऊबंद. तिथल्या सार्वजनिक स्नानगृहात खिडकीवर पैसे भरायचे, बिल्ला घ्यायचा आणि आतल्या माणसाच्या हातावर ठेवायचा. ओल्या हातात कागद टिकत नाही, पितळ वर्षानुवर्षं फिरतं. शिवाय रात्री गल्ला आणि बिल्ले जुळवले की खिडकीवाल्याची लबाडी उघडी!

‘सेकंड क्लास’ म्हणजे गरिबांची बाजू. १८३२ साली लिव्हरपूलला कॉलरा आला, तेव्हा किटी विल्किन्सन या बाईनं घरातला पाणी तापवायचा हंडा शेजाऱ्यांना कपडे धुवायला मोकळा केला. पुढं १८४२ मध्ये तिथंच फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नान-धुलाईघर उघडलं आणि १८४६ ला कायदाच झाला. सर्वांत स्वस्त वर्गात थंड आंघोळीला जास्तीत जास्त एक पेनी, गरमला दोन, आणि पुसायला स्वच्छ पंचा. पोहायच्या तलावांना १८७८ च्या कायदेदुरुस्तीनं जोर आला. पण पाणी गाळायची यंत्रं यायच्या आधी तलाव एकदा भरला की काही दिवस तसाच. ताज्या पाण्याच्या दिवशी दर चढा, गढूळ झालं की उतरायचा!

आम्ही पोरं पाठीला भोपळे बांधून मळ्यातल्या विहिरीत उड्या टाकायचो. मालकाची शिवी हेच तिकीट, आणि पाणी सगळ्यांना सारखंच हिरवं.

आता महत्त्वाचं: चिंच, राख काही लावू नका. शहापुरात भंगारवाल्याकडं मिळालेला असाच एक बिल्ला मी हौसेनं घासला. लखलखला खरा, पण आधीच झिजलेलं गावाचं नाव पार गेलं. तुमच्या चकतीची कड भिंगातून बघा. गावाचं नाव लागलं तर आधी मला कळवा, गिऱ्हाइकाला नंतर.