जुनी विमा कंपनी सोडावी का?

गाडीच्या विम्याच्या पहिल्याच नूतनीकरणाच्या वेळी, जुन्याच कंपनीकडे राहावे की ती बदलावी, हा प्रश्न तुम्ही विचारलात, हे फार चांगले केलेत. ज्याला आपण निष्ठेचे फळ समजतो, तो नो क्लेम बोनस कंपनीचा नसून गाडीच्या मालकाचा असतो. दाव्याविना पहिले वर्ष गेल्यावर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के होणारी ही सवलत कंपनी बदलली तरी तुमच्याबरोबरच येते. तृतीय पक्ष विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ दर सरकार ठरवते, त्यामुळे खरी तुलना स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यापुरतीच करावी.

नवख्यांच्या हातून पुढील चुका हमखास होतात:

- आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यातील किंमत, न पाहता केवळ हप्ता पाहणे. किंमत कमी लावली की हप्ता आपोआप उतरतो.
- मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण न करणे, बोनस जातो.
- मागच्या वर्षीचा दावा लपवणे. हे कधीही करू नका.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा माझ्या शेजाऱ्यांनी पाण्यात उभी असलेली गाडी चालू करून पाहिली आणि इंजिन जागीच बंद पडले. थोडे पैसे वाचवण्यासाठी त्यांनी इंजिन संरक्षणाची जोड घेतली नव्हती, म्हणून इंजिनाचा सगळा खर्च अंगावर आला. नदीकाठी राहत असाल तर ही जोड अवश्य घ्या.

हप्त्यातला फरक दोन-तीनशे रुपयांचाच असेल, तर तुमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये ज्या कंपनीची कॅशलेस सोय आहे, तीच निवडा.