पाळकांकडे बिल कसं मागू?

चर्चच्या ऑफिसात हिशेब सांभाळणारी माणसं माझ्याकडे मन मोकळं करायला येतात तेव्हा बहुधा एकच घोर घेऊन येतात. व्हाउचर मागितलं तर विश्वास नाही असं दिसतं, न मागितलं तर झोप लागत नाही. अशाच एका बाईंची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी त्या कंपनीत अकाउंट्स पाहायच्या. तिथे 'बिल नाही तर पैसे नाहीत' हे वाक्य त्यांना कधी जड गेलं नाही. इथे मात्र ज्यांच्याकडे बिल मागायचं, त्यांनीच यांचं लग्न लावलेलं, आईच्या मातीला प्रार्थना केलेली. एकदा हे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, जाता जाता म्हणाले, "पगाराला कमी पडतंय, छताच्या निधीतून घ्या, पुढच्या महिन्यात टाकू परत." यांनी मान डोलावली. नोंद करायला बसल्या आणि 'तपशील' या रकान्यापाशी पेन अडलं. काय लिहायचं? तो रकाना कोराच ठेवून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

मी विचारलं, भीती नेमकी कुणाची? देवाची, पाळकांची? बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "उद्या कुणी विचारलं तर सही माझी आहे."

त्या श्रद्धाळू होत्या, म्हणून बायबलमधल्या प्रेषित पौलाची आठवण करून दिली (मी प्रवचनं देत नाही, पण हा दाखला हाताशी होता). यरुशलेमसाठी जमवलेली मदत त्याने एकट्याने हाताळली नाही. मंडळ्यांनी, म्हणजे तेव्हाच्या ख्रिस्ती समुदायांनी, नेमलेला माणूस सोबत घेतला, कारण एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट दाखवायला नको होतं. त्याच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 8 व्या अध्यायात हे स्पष्ट आहे. आणि हे त्याने स्वतःहून केलं.

मग त्यांनी कमिटीला चार ओळींचं पत्र दिलं: छतासाठी म्हणून लोकांनी दिलेले पैसे पगाराला वापरायचे असतील तर देणाऱ्यांची संमती आणि लेखी ठराव हवा. अर्पण, म्हणजे उपासनेत लोकांनी दिलेले पैसे, मोजायला एकमेकांच्या नात्यात नसलेले दोघे असावेत आणि त्यांनी तिथेच सही करावी, हेही त्याच पत्रात घातलं. पाळक काही दिवस तुटक बोलले. कमिटीने निधीला हात लावू दिला नाही. पगाराची तूट मंडळीसमोर मांडली. आता बिल मागतो तो नियम, बाई नाहीत.

दुसरा त्रास जास्त खोल होता. कोण किती देतं हे त्यांना ठाऊक असतं, आणि उपासनेत चेहऱ्यांऐवजी आकडे दिसतात. पुढे बसून मोठ्याने गाणाऱ्याचं अर्पणाचं पाकीट हलकं असतं. तो आणखी कुठे देत असेल, आपल्याला काय माहीत? पण हे समजून मन गप्प बसत नाही. पाकिटांवर नावांऐवजी क्रमांक घालून यादी दुसऱ्याकडे सोपवल्यावर थोडा फरक पडला. रविवारी दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ का, असंही त्यांनी विचारलं. जायला हरकत नाही, म्हटलं. पण आधी एवढंच करून बघा: उपासनेनंतर दारात कुणी पावती विचारली की सांगायचं, "सोमवारी ऑफिसात या."